मिल्याची दुसरी ताई

मिल्या, परवा शनिवारी तुझ्या त्या गाडीला सरकारी मान मिळाला. मी गेले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुला वाटायचं की ताई याही वेळी काहीतरी कारण काढून दुकानात बसली असेल. नाही बसले. शेखरने गाडी काढली, इरा मागे बसली आणि आम्ही अल्बनीहून अवोन्डेलला अर्धा तास आधीच पोचलो. तू असतास तर म्हणाला असतास, एवढ्या लवकर येऊन सतरंज्या घालणार आहेस का.

तुला जाऊन सात आठवडे झाले. न्यू लिनला आमच्या फार्मसीत काऊंटरपलीकडून रोज कोणीतरी 'सॉरी फॉर युअर लॉस' म्हणतं आणि मी थँक यू म्हणून त्यांच्या गोळ्या पुढे करते. सगळ्यांना वाटतं मी दुःखात आहे. आहेच. पण खरं सांगू का, या सात आठवड्यांत मी रडले त्याहून जास्त जळले आहे. भाऊ गेला की बहीण रडते हे लोकांना कळतं. भाऊ गेला तरी बहिणीच्या पोटातली आग विझत नाही, हे सांगायचं कुणाला? शेखरला सांगितलं तर तो चहा करून देतो. म्हणून म्हटलं, ज्याने लावली त्यालाच सांगावं.

तुला मी इथे ऑकलंडला आणलं. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की तू नाकातून त्याची नक्कल करायचास आणि इरा लोळून हसायची. पण आणलं मीच ना? २०११ साली तुझं लग्न मोडलं होतं. भोसरीच्या कारखान्यात दिवसभर हायड्रॉलिक सिलिंडर जोडायचास आणि चिंचवडला घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचास. आई फोनवर म्हणायची, विद्या, ह्याचं काहीतरी कर. मी केलं. फॉर्म मी भरले, कागद मी गोळा केले, आठ महिने माझ्या घरी ठेवलं. फोर्कलिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेलास तो शर्टसुद्धा माझ्या हातच्या इस्त्रीचा. मग कामाला जवळ पडतं म्हणून तू अवोन्डेलला खोली घेतलीस. मी म्हटलं, ठीक आहे, रविवारी जेवायला येत जा. पहिलं वर्षभर आलासही.

आणि मग तो रविवारचा बाजार. तू मेथी घ्यायला गेला होतास, माझ्यासाठीच. पार्किंगमध्ये पोट जमिनीला टेकवून एक लांबलचक जांभळी गाडी उभी होती, चौसष्ट सालची, अमेरिकन. मागच्या चाकाखाली तेलाचं थारोळं. तू वाकलास, तेलात बोट बुडवलंस, हुंगलंस आणि मालकिणीला सांगितलंस, "सील गेलंय. सिलिंडर खोलावा लागेल." मालकीण पन्नाशी उलटलेली, ओठ लालभडक, केसांत फूल. तिने विचारलं, तू कोण? तू म्हणालास, मी भोसरीचा. हे सगळं तूच मला जेवताना सांगितलंस, आमटीची वाटी सिलिंडरसारखी वर-खाली करत. मेथी मात्र बाजारातच राहिली.

ती रोसा. तिचं माहेर लॉस एंजेलिसचं, मेक्सिकन वस्तीतलं. लग्न करून ती इकडे आली, पुढे नवरा गेला, तिकडे वडील गेले, तेव्हा तिने वडिलांची गाडी कंटेनरमध्ये घालून ऑकलंडला आणवली. गाडीचं नाव रेना, म्हणजे राणी. असल्या गाड्यांना लोरायडर म्हणतात हे मला तुझ्याकडून कळलं. जुनी गाडी घ्यायची, जमिनीला घासेल इतकी खाली बसवायची, रंगावर रंग चढवायचे, आत मखमल लावायची, आणि चाकांपाशी पंप बसवून बटणावर तिला उठवायचं, बसवायचं, नाचवायचं. आणि एवढं सगळं करून चालवायची बैलगाडीच्या चालीने.

मी म्हटलं, "एवढा खर्च करून हळूच जायचं तर बस काय वाईट आहे?"

तू पानातली पोळी तशीच ठेवलीस. "ताई, तिकडे ह्या लोकांना रस्त्यावर कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. दुसऱ्यांनी टाकलेल्या गाड्या घेऊन ह्यांच्या बापांनी त्या सजवल्या. आणि मग मुद्दाम हळू चालवल्या. बघा म्हणाले, आता नीट बघून घ्या आम्हाला."

तुला इतकं मनापासून बोलताना मी तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, ताक वाढू का.

त्यानंतर तुझे शनिवार तिचे झाले. मग रविवारही पातळ होत गेले. आलास तरी नखांत काळं तेल आणि तोंडात रोसा. रोसा असा भात करते, रोसा असं म्हणाली, रोसाने सगळ्यांना रांगेत उभं करून झापलं. तिच्या त्या लोरायडरवाल्यांच्या क्लबात आठ गाड्या, माणसं वीस-पंचवीस, माओरी होते, सामोआचे होते, दोन चिलीचे भाऊ होते, आणि त्यात तू एकटा चिंचवडचा. एका वर्षात तुला इतकी माणसं मिळाली. तेव्हा मला या देशात नऊ-दहा वर्षं झाली होती, आणि माझ्या दिवाळीच्या फराळाला तीच चार घरं यायची, त्यांतली दोन परतफेड म्हणून.

एका दसऱ्याला तुझा फोन आला. "ताई, रेनाची पूजा करायचीय, तुझ्या हातून व्हावी."

मी म्हटलं, "त्या सटवीला मी हळदकुंकू लावणार नाही."

सटवी गाडीला म्हणाले की रोसाला, हे तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. तू तुझी तूच पूजा केलीस आणि मला व्हिडिओ पाठवलास. बॉनेटवर वाकडंतिकडं स्वस्तिक काढलेलं, नारळ फोडलेला, सगळे दांडगे गडी हात जोडून उभे, रोसा छातीवर क्रूस काढतेय. मग तू पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला गेलास. आपल्याकडे लिंबू ठेवून गाडी पुढे घेतात, एवढं साधं. पण तू आधी बटण दाबून पुढची दोन्ही चाकं हवेत उचललीस, लिंबं मांडलीस आणि गाडी वरून आपटलीस. रस उडाला तो थेट रोसाच्या पांढऱ्या बुटांवर. तुम्ही सगळे खिदळत होतात, पण तुझं हसणं मला वेगळं ओळखू आलं. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगत नाही. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, वेळच नाही झाला रे.

पण खरी ठिणगी पडली ती भाऊबिजेला. त्या वर्षी भाऊबीज आणि त्या लोकांचा मृतांचा सण एकाच दिवशी आला. आपल्या पितृपक्षाचं ते हसतं-खेळतं भावंडच. गेलेल्यांचे फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं रांधतात, झेंडूची आरास करतात. मी तुझ्यासाठी अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. इथे दिवाळीत झेंडू मिळत नाही म्हणून दिवाळीच्या तोरणासाठी जुलैपासून खिडकीत कुंड्या ठेवून, प्लॅस्टिक पांघरून, तीस-चाळीस फुलं जगवली होती. आदल्या रविवारी तू म्हणालास, थोडी नेऊ? मी म्हटलं, ने. तू निम्मी खुडलीस.

भाऊबिजेला जेवायला साडेबाराला येणार होतास. बासुंदी केली होती. दीड झाला, दोन झाले, शेखर आणि इरा जेवले. मी पाट मांडून बसले होते. तू आलास साडेचारला, केसांत पिवळ्या पाकळ्या.

"कुठे होतास?"

"ताईकडे. आरास करायची होती ना."

मी पाटाशी, हातात काडेपेटी. म्हटलं, "कुठल्या ताईकडे?"

तू जीभ चावलीस, पण उशिरा. मग सांगून टाकलंस. क्लबात सगळेच तिला ताई म्हणतात. तूच सुरू केलंस, मग ते सहा-सहा फुटी गडीही म्हणायला लागले, आणि तिलाही आवडलं. "ती रागावते ना, अगदी तुझ्यासारखी," म्हणालास. जशी काही त्याने माझी समजूत पटणार होती.

मी तुला ओवाळलं. भाऊबिजेला बहीण यमाकडे भावाचं आयुष्य मागते. त्या दिवशी मी मागितलं का, हे मला आठवत नाही, मिल्या. मी एवढंच म्हणत होते की जगात हा एकच शब्द माझा होता, मिल्याच्या तोंडचा, आणि तो ह्याने बाजारात वाटला. इराने नंतर मला स्वयंपाकघरात गाठलं. "मॉम, इट्स जस्ट अ वर्ड." तिला मराठी सगळं कळतं, पण काही गोष्टी कळत नाहीत. मी म्हटलं, तुला भाऊ नाही, तू बोलू नकोस.

आता ह्या कौन्सिलच्या मानाचं. रोसाला गाडी घेऊन निघाली की पोलीस थांबवायचे. वेड्यासारख्या गाड्या पळवणाऱ्या पोरांसाठी केलेले नियम, त्यात पुन्हा पुन्हा एकाच रस्त्यावरून फिरायचं नाही असंही होतं. तासाला पंधराच्या वेगाने जाणारी, केसांत फूल माळलेली बाई त्यात सापडायची. पोलिसांचंही बरोबर होतं, त्यांना तरी काय माहीत. म्हणून क्लबाने अर्ज केला की हा उडाणटप्पूपणा नाही, हा वारसा आहे. मेक्सिकन वस्त्यांतून आलेला, इथे माओरी आणि बेटांवरच्या लोकांनी आपलासा केलेला. तसा तो कौन्सिलने मानावा, वर्षातून एक शनिवार मुख्य रस्त्यावरून मिरवणूक काढू द्यावी आणि लायब्ररीत त्याचा फलक लावावा. पंपांचे नकाशे तू काढलेस. सुरक्षेची प्रमाणपत्रं तू मिळवलीस. अर्ज तीनदा परत आला, तीनदा तू भरलास. फॉर्म भरायची विद्या शिकलास माझ्याकडून, वापरलीस तिच्यासाठी.

गेल्या वर्षी सुनावणी होती. बाहेरची माणसं चार शब्द बोलली तर वजन पडतं म्हणून तू मला विचारलंस. "तीन मिनिटं फक्त, ताई. न्यू लिनमध्ये अर्धं गाव तुला ओळखतं. तुझं इंग्रजी चांगलं आहे." मी हो म्हटलं. आणि त्या दिवशी दोन वाजता तुला मेसेज केला, दुकानात गर्दी आहे, निघता येत नाही.

गर्दी नव्हती. मी मागच्या खोलीत चहा पीत बसले होते. हे तुला माहीत होतं, हेही मला माहीत आहे. तू दुकानात फोन केलास, आमच्या हॅनाने उचलला, म्हणाली, ती ब्रेकवर आहे, बोलावू का? तू म्हणालास, नको. हॅनाने मला हे सांगितलं तेव्हा मी उरलेला चहा सिंकमध्ये ओतला. पुढच्या रविवारी तू आलास, मेथीच्या दोन जुड्या ओट्यावर ठेवल्यास आणि म्हणालास, मस्त झालं ताई, बहुतेक मान्य करतील. एक शब्द त्यावर बोलला नाहीस. भांडला असतास तर मी माफी मागितली असती. तू भांडला नाहीस, म्हणून ती राहिली. आज मागते. मिल्या, मी मुद्दाम आले नाही. चुकलं माझं.

शेवटचं भांडण मात्र झालं, या जुलैत. मान्यता मिळाली होती, फलकाचा मजकूर तयार होता, तू तो मला इंग्रजी तपासायला दिलास. मी दोनदा वाचला. रोसाच्या वडिलांचं नाव होतं, मेक्सिकन वस्त्यांचा इतिहास होता, इथल्या क्लबाचा होता.

"तुझं नाव कुठे आहे?"

"माझं कशाला? मसुदा मीच लिहिलाय."

"म्हणजे तूच गाळलंस? सात वर्षं कोणी घातली?"

"ताई, हे त्यांचं आहे. त्यांना आत्ता कुठे कोणीतरी लेखी म्हणतंय की हे तुमचं आहे. त्यात मी मध्येच कशाला? लग्नात मांडव घालणाऱ्याचं नाव पत्रिकेत छापतात का?"

"भावाचं छापतात," मी म्हटलं.

तू त्या कागदाची घडी घातलीस. मला वाटलं, जिंकले. मग तुझा फोन वाजला, तिचाच होता, आणि तू बोलत बोलत बाहेर गेलास. वाद अर्धाच राहिला. तुझ्याकडे उत्तर होतं की नव्हतं, हे मला आता कधी कळणार नाही. सुनावणीला न जाणारी मीच आणि फलकावर भावाचं नाव मागणारीही मीच, हे तेव्हा तू मला ऐकवू शकला असतास. ते ऐकवलं नाहीस, हे उपकार समजू की काय?

मग तो सप्टेंबरातला मंगळवार. त्याबद्दल लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल त्याला. औषधांच्या धंद्यात मीही लोकांना हेच सांगत आले आहे.

अंत्यविधीला क्लबाच्या आठही गाड्या आल्या, तुझ्या मागोमाग, त्या बैलगाडीच्या चालीने. आणि हॉलमध्ये रोसा रडली. मोठ्याने, छाती बडवून, आपल्या गावाकडच्या बायका रडायच्या तसं. माझ्या आधी. मी नीट नेसलेल्या पांढऱ्या साडीत, रुमाल हातात, लोकांचं 'सॉरी' घेत उभी होते आणि आपल्या मराठी मंडळातल्या बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. कुलकर्णी वहिनींनी मला विचारलं, त्या कोण? मी म्हटलं, ओळखीच्या आहेत. त्याच वहिनी गेल्या आठवड्यात म्हणाल्या, विद्याताई, भाऊबीज जवळ आली. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात हो. त्यांनी प्रेमानेच सांगितलं. मी घरी येऊन दार आपटलं.

पंधरा दिवसांनी रोसा घरी आली, गोड पाव घेऊन. तिने सांगितलं की रेनाच्या डिकीच्या झाकणाला आतून चित्रं आहेत. गाडीचे गेलेले लोक तिथे रंगवतात. तिचे वडील आहेत, नवरा आहे, क्लबातला एक जण आहे. झाकण उघडलं की सगळे दिसतात, मिरवणुकीत ते उघडंच ठेवतात. तिथे तुला रंगवायचं होतं. फोटो हवा होता आणि माझी परवानगी.

मी म्हटलं, बघते.

तिने पावावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "मिलिंद सांगायचा, तुमच्यात बघते म्हणजे नाही. चालेल. मी थांबेन." पावाचं ताट ठेवून गेली. दारात बूट घालायला वाकली तेव्हा तिला गुडघ्यावर हात ठेवावा लागला. मी आधार दिला नाही.

मी म्हणत होते, शनिवार नेलेस, रविवार नेलेस, ताई नेलीस. आता तोंडवळाही नेतेस?

तरी परवा गेले. पर्समध्ये फोटो होता, पण द्यायचा असं ठरवलं नव्हतं. लायब्ररीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. कौन्सिलच्या बाई किया ओरा असा माओरीत नमस्कार करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तुझा मजकूर वाचला. तुझं नाव नसलेला तुझा मजकूर. मी दुरुस्त केलेले दोन स्वल्पविराम त्यात होते, एवढंच आपल्या घराचं. रोसाने मान्यतेच्या कागदाची चौकट हातात घेतली आणि वर धरली. ते गडी सगळे डोळे पुसत होते. त्यांच्या बापांना जिथे हटकत होते तसल्याच एका रस्त्यावर आज सरकारी कागद म्हणत होता की जा, हळू जा. तू का गाळलंस स्वतःला, हे मला तिथे थोडं कळलं. पटलं नाही अजून.

मग रोसा माइकवर म्हणाली, "आमचा मिलिंद आज नाही. त्याची ताई आहे." 'आमचा' ऐकून मी दात आवळले. गडी गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले, कारण त्यांच्या लेखी ताई तीच. ती सरळ चालत आली, माझा हात धरला आणि मला रेनाच्या पुढच्या सीटवर नेऊन बसवलं. तुझ्या जागेवर. मांडीवर बटणांची पेटी ठेवली.

मिरवणूक निघाली. मिल्या, तुला काय सांगू, तू तर दर शनिवारी हे करायचास. इतकं हळू गेलं की माणसांचे चेहरे दिसतात. कोपऱ्यावरचा दुकानदार काऊंटर सोडून बाहेर आला. एका आजींनी ट्रॉली थांबवली. पोरं बापांच्या खांद्यावरून हात हलवत होती आणि मी परत हात हलवत होते, कोणालाच न ओळखता. सोळा वर्षं मी या शहरातून ऐंशीच्या वेगाने कामाला जाते, घरी येते. बिलं वेळेवर, लॉन कापलेलं, इराचा युनिफॉर्म कडक. इतकी वर्षं इथे काढून मला कोणी असं थांबून बघितलं नव्हतं. रोसा म्हणाली, दाब. मी चुकीचं बटण दाबलं. मागचा भाग धाडकन वर गेला, माझा चष्मा नाकावर आला आणि मी हसले. सात आठवड्यांत पहिल्यांदा. हसता हसताच ती ओळखीची आग पुन्हा पेटली, आणि या वेळी ती कोणासाठी आहे ते मला कळलं.

मला वाटायचं, मी रोसावर जळते. नाही रे. मी तुझ्यावर जळत होते. तू माझं बोट धरून या देशात आलास, आणि वर्षभरात तेलात बोट बुडवून तुला आपली माणसं सापडली. मी सगळं रीतसर केलं, मला सापडली नाहीत. आणि तू काही एकटा गेला नव्हतास. पूजेला बोलावलंस, सुनावणीला बोलावलंस, दर शनिवारी चल म्हणालास. मीच ताक वाढू का विचारत बसले. तू सुखी झालास हे मला बघवलं नाही, मिल्या, कारण ते मी आणून दिलेलं सुख नव्हतं.

मिरवणूक संपल्यावर मी रोसाच्या गॅरेजमध्ये गेले आणि फोटो दिला. भाऊबिजेचाच, कपाळावर माझ्या हातचं कुंकू, वर चिकटलेले दोन तांदूळ. रंगवणारा तामा, माओरी पोरगेला माणूस, म्हणाला की तांदूळही रंगवतो, हरकत नाही ना. डिकीचं झाकण वर केलेलं होतं. रोसाचे वडील, नवरा, तो तिसरा, आणि मग खडूने आखलेले दोन गोल.

"हा मिलिंदचा," रोसा म्हणाली.

"आणि शेजारचा?"

"माझा. मी जाईन तेव्हा."

मी म्हटलं, "त्याच्या शेजारी मी असणार."

"तू क्लबात नाहीस."

"मी त्याची बहीण आहे."

"मीसुद्धा," ती म्हणाली.

तामा ब्रश ठेवून बाहेर निघून गेला. आम्ही दोघी त्या उघड्या डिकीसमोर पंधरा मिनिटं भांडलो. मी मराठीत घसरले, ती स्पॅनिशमध्ये. दोघींना सगळं कळत होतं. शेवटी ती थकून स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बरं. जी आधी जाईल तिची ती जागा. म्हणजे माझीच. मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे."

आणि खडू काढायला तिने टेबलाचा खण उघडला. आत गोळ्यांची पाकिटं होती. रक्तदाबाची, साखरेची, आठवड्याच्या खान्यांची डबी. सगळी भरलेली. मी फार्मासिस्ट आहे, मला हात लावावा लागत नाही.

"ह्या कधीपासून घेत नाहीस?"

ती खणाकडे बघत म्हणाली, "रोज सकाळी मिलिंद फोन करायचा. ताई, गोळी घेतली का?"

सात आठवडे, मिल्या.

मी तिला तिथेच झापलं, क्लबातले गडी दारात गोळा होईपर्यंत. पाणी आणलं, त्या दिवशीची गोळी माझ्यासमोर घ्यायला लावली, ब्लड प्रेशर मोजलं. उद्या तिच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन जाणार आहे. पुढचं सगळं औषध माझ्या दुकानातून जाईल. सकाळचा फोन मी करेन. शनिवारी स्वतः जाऊन डबी तपासेन, आणि भाऊबिजेलाही तिथेच जेवेन, म्हणजे त्या दिवशीची चुकायला नको. प्रेमबिम काही नाही, गैरसमज नको. ती बाई माझ्या आधी जाता कामा नये. तुझ्या शेजारची जागा माझी आहे.